लिव्होर्नोचा धक्का आणि चार वेशी

भूमध्य समुद्रातून फिरणारे मोठे प्रवासी जहाज सकाळी सातच्या सुमारास इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरील लिव्होर्नो बंदरात लागते आणि सायंकाळी सहा-सातला पुन्हा नांगर उचलते. मधले तास प्रवाशाचे. त्यांतूनही परतीच्या धास्तीपोटी एक तास शिल्लक टाकावाच लागतो. कारण उशीर झालेल्या उतारूसाठी जहाज खोळंबत नाही. उरलेल्या आठ-नऊ तासांत टस्कनी प्रांतातील एखादे जुने तटबंद नगर पाहावयाचे असे मनाशी ठरले, की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : कोणते? लुक्का, सान जिमिन्यानो, सिएना आणि व्होल्तेर्रा ही चार नावे बहुधा पुढे येतात. चारही नगरांना तट आहेत, चारही जुनी आहेत, आणि एकाच दिवसात दोन उरकण्याचा हव्यास धरणाऱ्यास त्यांपैकी एकही धड दिसत नाही.

प्रवासवर्णने आणि मार्गदर्शक पुस्तके या प्रश्नाचा निकाल सौंदर्याच्या तराजूवर करतात. परंतु तट ही मुळात शोभेची वस्तू नव्हे. कोणी आत यावे, कोणी बाहेर राहावे आणि कठीण वेळ आली असता आतल्यांपैकी कोणाला बाहेर काढावे, याविषयी एका नगराने केलेला निर्णय म्हणजे त्याचा तट होय. या निर्णयाची अंमलबजावणी होई ती वेशीत. तेव्हा नगराची निवड करणाऱ्याने त्याच्या वेशीत काय घडले हे आधी विचारलेले बरे.

ज्या गावाच्या धक्क्यावर उतारू पाय ठेवतात आणि ज्याच्याकडे पाठ फिरवून सारेजण घाईने निघून जातात, ते लिव्होर्नोही एके काळी तटबंद नगरच होते. पिसाचे जुने बंदर गाळाने भरत चालले, तेव्हा १४२१ साली फ्लॉरेन्सने हे कोळ्यांचे लहानसे ठाणे जेनोवाकडून विकत घेतले. पुढे मेदिची घराण्याच्या अमदानीत बेर्नार्दो बुओन्तालेन्ती या स्थपतीने पंचकोनी नगराची आखणी केली. भोवती तट आणि खंदक आले. १५७७ साली या कामास आरंभ झाला. नगर तर बांधले, पण राहावयास माणसे कोठून आणावयाची? ग्रँड ड्यूक पहिला फेर्दिनांदो याने १५९१ आणि १५९३ साली जाहीरनामे काढले आणि सर्व देशांच्या व्यापाऱ्यांना आमंत्रण दिले. ज्यू, ग्रीक, आर्मेनियन, तुर्क, इराणी सर्वांनी यावे, व्यापार करावा, आपापला धर्म पाळावा, असा त्याचा आशय होता. स्पेन आणि पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यू कुटुंबांना येथे आसरा मिळाला. इटलीतील इतर कित्येक शहरांत त्यांना कुंपणाआडच्या वेगळ्या वस्तीत कोंडलेले असे; लिव्होर्नोत तशी वस्ती कधीच नव्हती.

या आमंत्रणाचा एक धागा थेट गोव्यापर्यंत येऊन पोहोचतो. भूमध्य समुद्रातून काढलेले पोवळे लिव्होर्नोत घडवून लिस्बनमार्गे गोव्याला पाठविले जाई आणि त्याच्या मोबदल्यात हिंदुस्थानातील हिरे लिव्होर्नोला येत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात एर्गास आणि सिल्व्हेरा या ज्यू पेढीचा गोव्यातील सारस्वत व्यापाऱ्यांशी, विशेषतः कामत घराण्याशी, असा व्यवहार चाले. दोन्ही पक्षांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नव्हते. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, न्यायालये वेगळी. पत्रे मात्र पोर्तुगीजमध्ये लिहिली जात आणि एकेका पत्राच्या उत्तरासाठी वर्ष-दोन वर्षे थांबावे लागे. तरीही व्यवहार टिकला. टस्कनीच्या त्याच राजघराण्यातील तिसरा कोसिमो याने पाठविलेली, फोज्जिनी या फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराने घडविलेली सेंट फ्रान्सिस झेवियरच्या समाधीची भव्य बैठक १६९८ साली जुन्या गोव्यातील बॉम जेझूसच्या चर्चमध्ये उभी राहिली. ती आजही तेथे आहे. सारांश, गोव्याच्या प्रवाशाला लिव्होर्नो वाटते तितके परके नाही.

आता अंतराचा हिशेब. लुक्का बंदरापासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर आहे आणि पिसाला गाडी बदलून आगगाडीने तेथे जाता येते. व्होल्तेर्रा सत्तरच्या आसपास. पण रस्ता वळणावळणाचा आणि चढाचा. सान जिमिन्यानो मोटारीने दीड तासाच्या वाटेवर आहे; तेथे रेल्वे नाही. सिएनाला जावयास मोटारीने दोन तास आणि परतावयास तेवढेच. म्हणजे सिएना निवडणाऱ्याचा जवळजवळ अर्धा दिवस रस्त्यावरच जातो.

आणि तरीही इतिहासाची ओढ असणाऱ्याचे मन सिएनाकडेच धावते. तेथील नगरसभेच्या राजवाड्यात आंब्रोज्यो लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ साली सुराज्य आणि कुराज्य यांची भित्तिचित्रे रंगविली. सुराज्याच्या चित्रात मधोमध नगराचा तट उभा आहे. डावीकडे दुकाने, शाळा, घरबांधणी, नाचगाणे. उजवीकडे शेते, मळे आणि डोंगर. वेस उघडी आहे. घोड्यावरून शिकारीस निघालेले श्रीमंत बाहेर पडत आहेत आणि जनावरांवर ओझी लादलेले शेतकरी आत येत आहेत. वर आकाशात सुरक्षिततेची देवता तरंगते आहे आणि तिच्या हातात फासावर लटकलेला गुन्हेगार आहे. उघड्या वेशीची किंमत काय पडते, हे चित्रकाराने लपविलेले नाही. या चित्रानंतर दहा वर्षांच्या आतच १३४८ची महामारी आली. नगराची निम्म्याहून अधिक वस्ती गेली. बहुधा चित्रकारही तिच्यातच गेला. अवाढव्य नव्या कॅथीड्रलच्या ज्या भिंती त्या वेळी उभ्या राहत होत्या, त्या अर्धवटच राहिल्या. सुमारे सात किलोमीटर लांबीच्या सिएनाच्या तटाच्या आत आजही शेते आणि ऑलिव्हच्या बागा दिसतात, याचे कारण हेच. तट ज्या लोकसंख्येसाठी वाढविला, ती लोकसंख्या पुन्हा कधी आलीच नाही.

सिएनाच्या वेशीची खरी कथा मात्र दोनशे वर्षांनंतरची आहे. १५५२ साली नगराने स्पॅनिश शिबंदीला हाकलून लावले. १५५४च्या आरंभी सम्राट पाचवा चार्ल्स आणि फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो यांच्या फौजांनी वेढा घातला. फ्रान्सच्या बाजूने ब्लेझ द मोंल्युक हा सरदार आत राहून संरक्षण करीत होता. स्त्रियांनी तटाच्या कामावर माती वाहिली आणि त्याबद्दल मोंल्युकने आपल्या आठवणींत त्यांची मोठी वाखाणणी केली आहे. परंतु धान्य संपत आले तेव्हा ज्यांच्या हाती शस्त्र धरवत नाही अशा सर्वांना, म्हातारे, आजारी, गरीब यांना, 'निरुपयोगी तोंडे' ठरवून वेशीबाहेर काढण्यात आले. इस्पितळात वाढणारी अनाथ मुलेदेखील त्यांतून सुटली नाहीत. बाहेर शत्रूचा वेढा, मागे बंद झालेले दरवाजे. वेढा घालणाऱ्यांनी त्यांना पुढे जाऊ दिले नाही, नगराने परत आत घेतले नाही. हजारोंच्या संख्येने बाहेर काढलेल्या या लोकांपैकी पुष्कळ जण तट आणि छावणी यांच्यामधल्या जमिनीवर उपासमारीने आणि हत्यारांनी मेले. या क्रूर हिशेबाचाही उपयोग झाला नाही. एप्रिल १५५५मध्ये सिएनाने हत्यार ठेवले आणि तिचे प्रजासत्ताक संपले.

उत्तरेकडील कामोल्लिया वेशीवर एक लॅटिन लेख कोरलेला आहे. या वेशीपेक्षाही विशाल असे आपले हृदय सिएना तुझ्यासाठी उघडते, असा त्याचा भावार्थ. प्रवासी तो वाचून सुखावतात. पण १६०४ साली ज्याच्या स्वागतासाठी तो कोरला गेला, तो पहिला फेर्दिनांदो, लिव्होर्नोचे जाहीरनामे काढणाराच, सिएना जिंकणाऱ्या कोसिमोचा मुलगा होता. वेढा होऊन तेव्हा पन्नास वर्षेही झाली नव्हती. जित नगराची ही सभ्यता आतिथ्य म्हणावी की शरणागती, हे ज्याने त्याने ठरवावे.

सिएनाच्या वाटेवर मोंतेरिज्जोनी नावाची एक चिमुकली तटबंद वस्ती टेकडीवर दिसते. सिएनाने ती १२१३च्या सुमारास फ्लॉरेन्सविरुद्धचे ठाणे म्हणून बांधली. चौदा बुरुजांची ही माळ पाहून दांतेला नरकातील राक्षस आठवले. हा तट तोफेने पडला नाही. १५५४च्या वेढ्यात तेथील किल्लेदाराने, जो स्वतः फ्लॉरेन्सचा निर्वासित होता, स्वतःस माफी मिळावी म्हणून ठाणे शत्रूच्या हवाली केले. तट पाहावयास पाव तास पुरतो. केवळ तेवढ्यासाठी जहाजावरून येण्यात अर्थ नाही. पण मोटार त्याच बाजूने जात असेल तर थांबण्यास हरकत नाही.

सान जिमिन्यानोची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण ते नगर थोडक्यात थांबले. उत्तरेकडून रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंचा जुना रस्ता त्याच्या एका वेशीतून आत शिरून दुसरीतून बाहेर पडे. या वाटसरूंवर आणि केशराच्या व्यापारावर गाव श्रीमंत झाले आणि श्रीमंतांनी एकमेकांच्या ईर्ष्येने मनोरे उभे केले. परंपरा बहात्तर सांगते. आज चौदा उरले आहेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तट परक्यांसाठी होता, पण मनोरे शेजाऱ्यांसाठी होते. आर्दिंगेल्ली आणि साल्वुच्ची या दोन घराण्यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्या तटाच्या आतच पेटत राहिले. १३४८च्या महामारीने गावाचे कंबरडे मोडले, १३५३ साली ते फ्लॉरेन्सच्या स्वाधीन झाले, आणि पुढे नवे बांधावयास पैसा नसल्यामुळे जुने तसेच राहिले. आज जगभरचे लोक जे पाहण्यास जातात, ते एका दारिद्र्याचे जतन झालेले रूप आहे. १९९० साली युनेस्कोने त्याची जागतिक वारशात नोंद केली. मात्र जहाजाच्या प्रवाशाने येथे एक व्यवहार ध्यानात ठेवावा. तो नेमका दुपारी अकरा ते तीन या वेळात पोहोचतो आणि इतर सर्व मोटारीही त्याच वेळी पोहोचतात. अरुंद रस्त्यांत पाऊल टाकावयास जागा नसते. सायंकाळी गर्दी ओसरून गाव पुन्हा गावासारखे दिसू लागते, तेव्हा जहाज समुद्रात असते.

व्होल्तेर्रा याहून उंच, याहून उजाड आणि याहून पुष्कळ जुने. रोमच्या आधीच्या एत्रुस्कन लोकांनी ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात येथे सुमारे सात किलोमीटरांचा तट बांधला होता. त्याचे प्रचंड चिरे अजून ठिकठिकाणी उभे आहेत. त्या तटातील 'पोर्ता आल्लार्को', म्हणजे कमानीची वेस, आजही वापरात आहे. कमानीवर तीन मस्तके आहेत. पावसावाऱ्याने ती इतकी झिजली आहेत की ती देवांची की माणसांची हेही कळत नाही. १४७२ साली तुरटीच्या खाणीवरून तंटा झाला, तेव्हा लोरेन्झो दे मेदिचीच्या फौजेने शरण आलेले हे नगर लुटले आणि त्याच्या डोक्यावर एक किल्ला बांधून ठेवला. त्या किल्ल्यात आज तुरुंग आहे.

या वेशीवर १९४४च्या जूनअखेर मोठा प्रसंग ओढवला. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याला शत्रूचा रस्ता अडविण्यासाठी ती सुरुंगाने उडवावयाची होती. गावकऱ्यांनी रदबदली केली आणि एक तोड काढली : वेस बंदच करावयाची ना, मग ती आम्ही बंद करून देतो. अवघ्या एका दिवसात स्त्री-पुरुषांनी रस्त्याच्या फरसबंदीचे दगड उखडून काढले आणि कमान तळापासून वरपर्यंत भरून टाकली. वेस वाचली. युद्ध पुढे सरकल्यावर दगड पुन्हा रस्त्यात बसविले गेले. वेशीत शिरताना पायाखालची फरसबंदी पाहण्यासारखी आहे ती या कारणासाठी.

त्याच उन्हाळ्यात, व्होल्तेर्रा आणि फ्लॉरेन्स यांच्या दरम्यानच्या टेकड्यांतून आठवी हिंदी डिव्हिजन पुढे सरकत होती. तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. या पलटणीचे केंद्र आज बेळगावला आहे. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येस मोंतेगुफोनी नावाचा एक जुना गढीवजा वाडा आहे. तेथे मराठ्यांची तुकडी उतरली असता, तिच्या भेटीस आलेले लेखक एरिक लिंक्लेटर यांच्या दृष्टीस अंधाऱ्या दालनांत भिंतींना टेकून ठेवलेली चित्रे पडली. ती फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातून सुरक्षिततेसाठी हलविलेली होती आणि त्यांत बोत्तिचेल्लीचे 'वसंत' हे जगप्रसिद्ध चित्रही होते. तोफा जवळच धडधडत असताना या चित्रांवर पहारा बसला तो हिंदी शिपायांचा. मोंतेगुफोनी जहाजाच्या प्रवाशाच्या आटोक्यातील स्थळ नव्हे. पण उफिझीत त्या चित्रासमोर रांगेत उभा राहणारा बेळगावकर ही गोष्ट जाणून असेल, तर त्याची रांग थोडी सुसह्य होईल.

आता उरले लुक्का. एका दिवसाचा प्रवासी, तोही पहिल्यांदा येणारा, याच्यापुढे दुसरा पर्याय ठेवण्याचे कारण दिसत नाही. अंतर थोडे आणि आगगाडीची सोय, ही कारणे खरीच. पण ती दुय्यम. लुक्काचा तट अखंड आहे, आणि तो का अखंड राहिला ही हकीकत बाकीच्या तिन्ही नगरांहून निराळी आहे.

स्थानकाबाहेर येताच समोर हिरवळीचे रुंद पट्टे आणि त्यामागे विटांचा लांबच लांब तट दिसतो. हिरवळीचे हे मैदान मुद्दाम मोकळे ठेवलेले आहे. तोफेच्या माऱ्यात आडोसा मिळू नये म्हणून तेथे घर वा झाड उभे करावयास मनाई होती. सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेले तटाचे बांधकाम सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालले. म्हणजे ज्यांनी कुदळ मारली त्यांच्या नातवंडांच्या नातवंडांनी ते पुरे झालेले पाहिले. परीघ चार किलोमीटरांहून थोडा अधिक, उंची बारा मीटर, पायाशी जाडी सुमारे तीस मीटर, अकरा बुरूज. आत माती भरलेली. ती मुळांनी धरून ठेवावी आणि वेढ्यात लाकूड मिळावे म्हणून वर झाडे लावलेली. सान पिएत्रो या वेशीवर 'स्वातंत्र्य' अशा अर्थाचा एकच लॅटिन शब्द कोरला आहे. लुक्का हे छोटे प्रजासत्ताक होते, रेशमाच्या व्यापारावर जगणारे, आणि त्याला भीती होती ती शेजारच्या फ्लॉरेन्सची. सिएनाचे काय झाले ते त्याने पाहिले होते.

एवढा खटाटोप केलेल्या या तटावर शत्रूने कधीच हल्ला केला नाही. त्याची खरी परीक्षा झाली ती १८१२च्या नोव्हेंबरात, आणि ती पाण्याने घेतली. सेर्क्यो नदीला महापूर आला, तेव्हा वेशी घट्ट लावून घेतल्या आणि तटाने पाणी बाहेर थोपविले. त्या वेळी लुक्कावर नेपोलियनची बहीण एलिझा बाच्योक्की हिची सत्ता होती आणि ती नेमकी बाहेर अडकली होती. वेस उघडावी तर नगर बुडणार. शेवटी राज्यकर्तीलाच यारीने उचलून तटावरून आत घेतले, असे सांगतात. प्रजासत्ताक बुडविणाऱ्या घराण्यातील या बाईलाही वेशीचा नियम मोडता आला नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात तटाचा लष्करी उपयोग संपला. १८६५ साली इटलीची राजधानी फ्लॉरेन्सला आली आणि रुंद रस्त्यांसाठी तेथील आर्नो नदीच्या उत्तरेकडचा जुना तट पाडण्यात आला. लुक्काने नेमके उलट केले. नगरपालिकेने १८६६ साली आपला तट सरकारकडून विकत घेतला आणि तो फिरण्यासाठी ठेवला. आज त्यावर म्हातारी माणसे सकाळी फेरी मारतात, मुले सायकली चालवितात, आणि पूर्ण प्रदक्षिणेस पायी तासभर लागतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला घरांची मागची अंगणे, वाळत घातलेले कपडे आणि मनोऱ्यावर ओकची झाडे वाढलेला ग्विनिजींचा वाडा. खाली उतरून रोमन रंगमंडळाच्या पायावर वसलेला लंबवर्तुळाकार चौक आणि सान मार्तीनोच्या कॅथीड्रलमधील इलारिया देल कार्रेत्तोची समाधी पाहावी. ती घडविणारा याकोपो देल्ला क्वेर्च्या सिएनाचा होता. सिएना हुकल्याची रुखरुख तेथे थोडी कमी होते.

दुपारच्या गाडीने परतताना पिसाला उतरून झुकता मनोरा पाहता येतो. तेथेही ११५५च्या सुमारास सुरू झालेला तट मनोऱ्याच्या मैदानाला अगदी लागून आहे. छायाचित्रे काढणाऱ्यांची पाठ बहुधा त्याच्याकडे असते. २०१८पासून त्यावरूनही चालता येते. वेळ मोजका असेल तर मात्र पिसा सोडावे आणि तो तास लिव्होर्नोत घालवावा.

बंदरासमोरच्या चौकात ज्याने सर्व देशांच्या लोकांना वेस उघडली त्या फेर्दिनांदोचा संगमरवरी पुतळा आहे. त्याच्या पायाशी, चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांना, साखळदंडांनी बांधलेले ब्राँझचे चार मूर कैदी आहेत. सतराव्या शतकात पिएत्रो ताक्का याने ते घडविले. समुद्रावर पकडलेले असे कैदी लिव्होर्नोच्या बंदिशाळेत ठेवले जात आणि ग्रँड ड्यूकच्या गलबतांवर वल्ही मारावयास जुंपले जात. त्यांतल्याच काहींना समोर बसवून ताक्काने हे चेहरे घडविले, असे म्हणतात. चौघांचे चेहरे वेगवेगळे आहेत. एक तरुण मान वर करून पाहतो आहे, दुसरा म्हातारा खाली वाकला आहे. जहाजाकडे जाणारी मोटार याच परिसरातून सुटते.